उद्याच्या दंतवैद्यांचा आवाज

दातांचा डॉक्टर म्हटले की दवाखाना, मागे झुकणारी खुर्ची आणि कानाशी घोंघावणारे यंत्र आपल्या डोळ्यांसमोर येते. पण डॉक्टर होण्यापूर्वी तो चार-पाच वर्षे विद्यार्थी असतो. त्याने काय शिकावे, किती रुग्णांवर हात बसवावा, परीक्षा कशी द्यावी, हे ठरविणारे दुसरेच असतात. मग विद्यार्थ्यांची बाजू मांडणार कोण?

या गरजेतून १९५१ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे दंतवैद्यक विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 'आयएडीएस' या नावाने ती ओळखली जाते. निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी संघटना तिच्या सभासद असतात. त्यांचे प्रतिनिधी वार्षिक अधिवेशनात जमतात, पदाधिकारी निवडतात, ठराव करतात. विद्यार्थ्यांना काही आठवडे परदेशातील दंत महाविद्यालयात जाऊन तेथील कामकाज पाहता यावे, यासाठीही संघटना देवाणघेवाणीचा उपक्रम चालविते. १९०० साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या दंतवैद्यांच्या जागतिक महासंघाशी तिचे संबंध आहेत. त्यामुळे विद्यार्थ्यांचे म्हणणे वडीलधाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचते.

युरोपचे उदाहरण बोलके आहे. तेथील समुदायाने १९७८ साली नियम केला की, एका सभासद देशाची दंतवैद्यक पदवी दुसऱ्या सभासद देशात मान्य व्हावी आणि शिक्षण किमान पाच वर्षांचे असावे. कागदावर पदव्या समान झाल्या. परंतु कुठे विद्यार्थ्याला भरपूर रुग्ण तपासायला मिळतात, तर कुठे थोडेच. ही तफावत विद्यार्थ्याइतकी कोणाला जाणवणार? १९८८ साली पॅरिस येथे युरोपीय दंतवैद्यक विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, आणि शिक्षणाचा दर्जा हा तिच्या कामाचा मोठा भाग झाला. २०२० साली कोरोनाच्या साथीत महाविद्यालयांचे दवाखाने बंद पडले, तेव्हा हाच प्रश्न जगभर उभा राहिला. रुग्णाला हात न लावता दाढ काढायला कसे शिकायचे?

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे विकार आहेत. त्यांपैकी दर चारजणांत तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. विद्यार्थ्याचा हात कच्चा राहिला, तर उद्या त्याचा भोग रुग्णाच्या वाट्याला येतो.

अर्थात, या संघटनांच्या हाती कायदा नाही. त्या सुचवू शकतात, आग्रह धरू शकतात. निर्णय शासनाचा व विद्यापीठाचा असतो. शिवाय विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो, की नवा कार्यकर्ता घडवावा लागतो. आणि ज्या महाविद्यालयात संघटनाच नाही, किंवा ज्या मुलाजवळ प्रवासाचे पैसे नाहीत, त्याचे म्हणणे अधिवेशनात मांडणार कोण? व्यासपीठ कितीही मोठे असो, तिथे न पोहोचलेल्यांचे म्हणणे जो घेऊन जातो, तोच खरा प्रतिनिधी.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी दंत महाविद्यालयात शिकत असेल, तर 'तुमच्याकडे विद्यार्थी संघटना आहे का, तिची निवडणूक होते का?' एवढे जरूर विचारा. एक गोष्ट मात्र त्यांना स्पष्ट सांगा. अशा संघटनेचे सभासदत्व म्हणजे परदेशात दवाखाना थाटण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी त्या त्या देशाच्या अटी पुऱ्या कराव्याच लागतात. पण चार देशांच्या मुलांत बसून आपले म्हणणे नीट मांडण्याचा सराव तिथे होतो, आणि तो पुढे रुग्णाशी बोलतानाही उपयोगी पडतो.