सोळा टक्के, पण कशाचे?

वसाहतकाळात तेलाचे हक्क कसे दिले-घेतले गेले हे समजून घ्यायचं असेल, तर आपण एकच करार हातात घेऊन तो पायरीपायरीनं पाहिलेला बरा. त्यासाठी २८ मे १९०१ रोजी तेहरानमध्ये झालेला करार उत्तम. पर्शियाच्या, म्हणजे आजच्या इराणच्या, मुजफ्फरुद्दीन शाहनं तो विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रज धनिकाला दिला. पुढची पन्नास वर्षं त्या देशाचं राजकारण या कागदाभोवती फिरत राहिलं.

पर्शिया नावाला स्वतंत्र होता. पण उत्तरेकडून रशिया आणि दक्षिणेकडून ब्रिटन अशा दोन साम्राज्यांच्या कचाट्यात तो सापडला होता, आणि शाहचा खजिना रिकामा होता. दोन पक्षांपैकी एक अडलेला असला की करारात काय काय होतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

पायरी १ : मक्ता म्हणजे काय

मक्ता म्हणजे ठरावीक मुलखात ठरावीक काम करण्याचा एकट्याला मिळालेला हक्क. सरकार जमीन विकत नाही. काही वर्षांसाठी तिच्यातून माल काढायचा अधिकार देतं आणि बदल्यात पैसा घेतं.

पर्शियाला याचा कडू अनुभव आधीच आला होता. १८७२ मध्ये बॅरन ज्युलियस डी रॉयटर यांना रेल्वेपासून खाणींपर्यंतचे हक्क एकगठ्ठा दिले गेले, आणि ओरड झाल्यावर वर्षभरात काढून घ्यावे लागले. १८९० मध्ये तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला दिला. लोकांनी तंबाखूवर बहिष्कार टाकला, धर्मगुरू त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि १८९२ मध्ये मक्ता रद्द झाला. त्याच्या भरपाईपोटी पाच लाख पौंड देण्यासाठी शाहला कर्ज काढावं लागलं.

पहिली चूक इथेच लक्षात घ्यावी. मक्ता देणं सोपं असतं, परत घेणं महाग पडतं. देताना परतीच्या अटी लिहून घेतल्या नाहीत, तर पुढे त्याची किंमत जनता मोजते.

पायरी २ : मध्यस्थ

असे करार दोन पक्ष समोरासमोर बसून सहसा करत नसत. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाक द मॉर्गन यांनी १८९२ मध्ये पश्चिम पर्शियातल्या तेलाच्या खुणांबद्दल लिहिलं होतं. ती माहिती घेऊन पर्शियाच्या जकात खात्यातले अधिकारी अंत्वान किताबजी १९०० मध्ये पॅरिसला गेले. तेहरानमधले माजी ब्रिटिश राजदूत सर हेन्री ड्रमंड वुल्फ यांनी त्यांची गाठ डार्सींशी घालून दिली. डार्सींनी ऑस्ट्रेलियातल्या माउंट मॉर्गनच्या सोन्याच्या खाणीतून मोठी संपत्ती मिळवली होती.

डार्सी स्वतः पर्शियात कधीच गेले नाहीत. त्यांचे प्रतिनिधी आल्फ्रेड मॅरियट १९०१ च्या एप्रिलमध्ये तेहरानला पोचले. तिथले ब्रिटिश राजदूत सर आर्थर हार्डिंज यांनी त्यांच्यासाठी दरबारात शब्द टाकला.

म्हणजे एका बाजूला भूगर्भाचा अहवाल, भांडवल आणि साम्राज्याचा राजदूत. दुसऱ्या बाजूला पैशाची निकड असलेला दरबार, आणि पायाखाली काय दडलंय हे सांगणारा स्वतःचा एकही भूगर्भतज्ज्ञ नाही. वाटाघाटीचा तोल सहीच्या आधीच ढळतो तो असा.

पायरी ३ : मुलूख किती

डार्सींना मिळालेला मुलूख सुमारे ४,८०,००० चौरस मैलांचा होता. आजचं महाराष्ट्र राज्य त्यात चार वेळा मावेल. मुदत ६० वर्षांची.

उत्तरेचे पाच प्रांत मात्र वगळले होते: अझरबैजान, गिलान, माझंदरान, अस्तराबाद आणि खोरासान. हे प्रांत रशियाच्या सीमेला भिडलेले. तिथे हात घातला तर रशिया बिथरेल, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं. आपल्या बाकूच्या तेलाला स्पर्धक नको असलेल्या रशियानं नंतर पाइपलाइनच्या हक्कासाठी बरीच खटपट केली. पण दक्षिणेकडे पर्शियन आखातापर्यंत पाइपलाइन टाकण्याचा एकाधिकार डार्सींच्या करारात आधीच लिहिलेला होता.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळा मुलूख एकदम देऊन टाकणं. तेल कुठे आहे हे माहीत नसताना लहान तुकडे द्यावेत आणि जिथे ठरलेल्या काळात काम होत नाही ते परत घ्यावेत. १९०१ च्या करारात पहिली कंपनी दोन वर्षांत काढण्याची अट होती, पण मुलूख टप्प्याटप्प्यानं परत करण्याची नव्हती.

पायरी ४ : पैसा किती आणि कशावर

आता कराराच्या गाभ्याकडे वळू. पहिली कंपनी निघाली की शाहच्या सरकारला २०,००० पौंड रोख, २०,००० पौंडांचे शेअर आणि दरवर्षी निव्वळ नफ्याचा १६ टक्के वाटा मिळायचा होता. मक्तेदाराला कर माफ, यंत्रसामग्रीवर जकात माफ, आणि कामाला लागणारी सरकारी पडीक जमीन फुकट.

निव्वळ नफा म्हणजे विक्रीच्या पैशातून सगळा खर्च वजा करून उरलेली रक्कम. विक्री किती झाली हे बाहेरच्यालाही थोडंफार कळतं. खर्च किती आणि तो कुठे दाखवला, हे फक्त हिशेब लिहिणाऱ्याला कळतं. शेत अर्धेलीनं दिलं आणि मळणीच्या दिवशी मालक खळ्यावर नसला, तर त्याच्या वाट्याला किती पोती येतील हे सांगायला नको.

खळ्यावर हजर राहण्याची सोय करारात होती, पण अधू. सरकारला एक शाही आयुक्त नेमता येत होता. त्याचा वर्षाचा १,००० पौंड पगार कंपनीनं द्यायचा, आणि त्यानं देखरेख कशी करायची हे मक्तेदाराशी सहमतीनं ठरवायचं. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातून पगार घेणारा माणूस किती कडक राहील, याचा विचार आपणच करावा.

पायरी ५ : राजधानीतली सही जागेवर चालते का

जॉर्ज रेनॉल्ड्स या अभियंत्यानं १९०२ मध्ये पश्चिमेला चिया सुर्ख इथे खोदकाम सुरू केलं. १९०४ मध्ये तेल लागलं, पण ते टिकलं नाही. मग मुक्काम नैर्ऋत्येकडे, बख्तियारी टोळ्यांच्या मुलखात हलला. तिथे तेहरानचा कागद दाखवून भागेना.

म्हणून १९०५ मध्ये बख्तियारी खानांशी वेगळा करार झाला: पहारा द्यायचे वर्षाला २,००० पौंड आणि पुढे निघणाऱ्या कंपनीत तीन टक्के वाटा. तेहरान सरकारनं हा करार कधीच मान्य केला नाही. पुढे रिफायनरीसाठी आबादान बेटावर जागा लागली, तेव्हा त्या भागाचे सरदार, मोहम्मराचे शेख खझल यांच्याशी १९०९ मध्ये तिसरा करार झाला. तो घडवून आणला पर्सी कॉक्स यांनी. कॉक्स हे बुशहरमधले रेसिडेंट, हिंदुस्थान सरकारचे अधिकारी. ही बुशहर रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती.

कंपनीच्या दृष्टीनं हा व्यवहारी मार्ग होता. देशाच्या दृष्टीनं त्याची किंमत मोठी होती: कंपनी सरदारांशी परस्पर बोलू लागली की केंद्राचा शब्द आपोआप हलका होतो.

पायरी ६ : समोरचा माणूस बदलतो

२६ मे १९०८ रोजी पहाटे मस्जिद सुलेमान इथे सुमारे १,१८० फुटांवर तेलाचा फवारा उडाला. तोवर डार्सींचा पैसा संपत आला होता, आणि १९०५ पासून ग्लासगोच्या बर्मा ऑइल कंपनीनं खर्चाचा भार उचलला होता. पुढे मुंबईत माहुलला १९५५ मध्ये सुरू झालेल्या बर्मा-शेल रिफायनरीच्या नावातली बर्मा ती हीच. १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली आणि मक्ता तिच्याकडे गेला.

१९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं बावीस लाख पौंड घालून तिचे ५१ टक्के शेअर घेतले. आरमाराला कोळशाऐवजी तेलावर न्यायचं होतं, आणि त्यासाठी विन्स्टन चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये हा प्रस्ताव लढवला. आरमाराशी दीर्घ मुदतीचा, स्वस्त दराचा पुरवठा करारही झाला.

शाहनं सही दिली होती एका व्यापाऱ्याला. आता समोर एक साम्राज्य होतं, आणि तेच मालक, तेच मोठं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला स्वस्त दिलं की नफा कमी, आणि नफा कमी की पर्शियाचे १६ टक्केही कमी. मक्ता दुसऱ्याकडे जाताना आपली संमती लागेल, अशी अट म्हणूनच महत्त्वाची असते.

पायरी ७ : हिशेब

एक उदाहरण करून पाहू. आकडे फक्त समजावण्यासाठी. समजा, विहिरीपासून गिऱ्हाइकापर्यंत एका टनामागे ३० शिलिंग नफा होतो. एकाच कंपनीनं सगळं केलं, तर १६ टक्के म्हणजे ४.८ शिलिंग. आता तेल काढणारी, जहाजानं नेणारी आणि विकणारी अशा तीन कंपन्या करा आणि प्रत्येकीच्या वहीत १० शिलिंग नफा दाखवा. वाटा फक्त पहिलीवर मोजला, तर हाती येतात १.६ शिलिंग. तेल तेच, कलम तेच. रक्कम मात्र तिसरा हिस्सा.

वाद नेमका यावरच पेटला. उपकंपन्यांचा नफा मोजायचा का? १९१५ मध्ये टोळीवाल्यांनी पाइपलाइन तोडली, तेव्हा कंपनीनं नुकसानभरपाई मागून पर्शियाचे पैसे अडवून धरले. पर्शियाच्या वतीनं विल्यम मॅक्लिंटॉक या हिशेबतपासनिसानं वह्या तपासल्या आणि वाटा कमी दिला गेल्याचं दाखवलं. १९२० मध्ये दहा लाख पौंडांवर तडजोड झाली. पण ती पर्शियाच्या बाजूनं करणारे आर्मिटेज-स्मिथ हे ब्रिटिश खजिन्याचे अधिकारी होते, आणि पर्शियाच्या संसदेनं, मजलिसनं, ती मंजूर केली नाही.

पायरी ८ : फेरवाटाघाट

मंदीत पर्शियाचा वाटा १९३० च्या सुमारे १२ लाख ८८ हजार पौंडांवरून १९३१ मध्ये सुमारे ३ लाख ७ हजारांवर आला. आता गादीवर असलेल्या रझा शाहनं नोव्हेंबर १९३२ मध्ये मक्ता रद्द केला. प्रकरण राष्ट्रसंघापुढे गेलं आणि एप्रिल १९३३ मध्ये नवा करार झाला.

त्यात काही चुका सुधारल्या. वाटा निव्वळ नफ्याऐवजी मुख्यतः टनावर आला, टनाला चार शिलिंग. टन मोजता येतात, लपवणं अवघड. किमान साडेसात लाख पौंडांची हमी मिळाली, मुलूख एक लाख चौरस मैलांवर आला. पण मुदत १९६१ वरून १९९३ पर्यंत वाढली. इराणसाठी सही करणारे अर्थमंत्री तकीजादेह यांनी नंतर मजलिसमध्ये सांगितलं की त्या प्रकरणात आपण केवळ हातातलं साधन होतो. पुढे सौदी अरेबियाला १९५० च्या अखेरीस निम्मा नफा मिळाला, तेव्हा इराणचा संयम संपला. मार्च १९५१ मध्ये तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं.

आपण काय पाहावं

आजही खाण, वाळू, वायू यांच्या कराराची बातमी आली की मथळ्यात टक्केवारी असते. आपण तिथे थांबू नये. वाटा कशावर मोजणार: विक्रीवर, वजनावर की उरलेल्या नफ्यावर? वह्या कोण तपासणार आणि त्याला पगार कोण देणार? मक्ता दुसऱ्याला देता येतो का? काम झालं नाही तर मुलूख परत कधी येणार? तंटा कुठे आणि कोणापुढे सुटणार?

हे प्रश्न विचारायला वकील असावं लागत नाही. तेहरानमध्ये १९०१ साली ते सहीच्या आधी विचारणारं कोणी नव्हतं. मजलिस स्थापन झाली ती १९०६ मध्ये. म्हणून करार कागदावर पक्का होण्याआधी तो लोकांसमोर आणि लोकप्रतिनिधींसमोर यावा, हा आग्रह आपण धरला पाहिजे. सहीनंतर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं मिळायला इराणला पन्नास वर्षं लागली.