उतरलेली पापणी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीस लागून असलेल्या बजाजनगरांत पुष्कळ घरीं रात्रपाळी परिचयाची आहे. पाळीहून परतलेल्या गृहस्थाची पापणी जड दिसली, तर घरच्या मंडळींनीं ती झोपेवर घालावी, हें साहजिक होय. परंतु झोपेनें जड झालेल्या पापण्या विश्रांतीनंतर पूर्ववत् होतात. एकच पापणी उतरली, किंवा झोपेनंतरहि दोन्ही उचलेनात, तर कारण निराळें असतें.

वरची पापणी मुख्यत्वेंकरून एक स्नायु उचलतो. पातळ पडद्यासारख्या कंडरेनें तो पापणीस जोडलेला असतो. उतारवयांत ही कंडरा सैल पडते व पापणी वर्षानुवर्षें खालीं येत जाते. प्रौढांतील सर्वांत सामान्य कारण हेंच. मनुष्य मग भुंवया ताणून, हनुवटी उचलून पाहूं लागतो. दृष्टीस अडथळा होत असल्यास कंडरा पुन्हा जागीं टांचतात. केवळ पापणीचा भाग बधिर केलेला असल्यामुळें डॉक्टर रोग्यास डोळे उघडावयास सांगून पापणीची उंची जुळवूं शकतात.

सकाळीं ठीक असलेली पापणी सायंकाळीं उतरत असेल व एक वस्तु दोन दिसत असेल, तर दोष मज्जातंतूचा निरोप स्नायूस पोंचण्यांत असूं शकतो. १९३४ सालीं इंग्लंडांत मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनीं अशा रोग्यास फायसोस्टिग्मिन टोंचून गुण आल्याचें दाखविलें. त्याच जातीचीं औषधें आजहि देतात.

पापणी एकाएकीं पडून बाहुली मोठी झाली व डोकें असह्य दुखूं लागलें, तर मेंदूंतील रक्तवाहिनीस फुगा आल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें. चष्म्याच्या दुकानांत जाण्याची ही वेळ नव्हे!

आपल्या प्रांतांत आणखी एक कारण विसरून चालणार नाहीं. जमिनीवर निजलेल्या मनुष्यास रात्रीं मण्यार चावते; दंश बहुधा सुजत नाहीं, कित्येकदां जाणवतहि नाहीं. पहांटे पोटांत दुखतें, मग दोन्ही पापण्या मिटूं लागतात. पुढें गिळणें व श्वास अडतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सर्पांवर चालणारी प्रतिविषाची लस मिळते. मात्र मांत्रिकाकडे वेळ न दवडतां शहरांतील 'घाटी'सारखें श्वासयंत्र असलेलें रुग्णालय जवळ करावें. कारण मज्जातंतूंस झालेली इजा लसीनें लगेच भरून येत नाहीं. ती भरेपर्यंत यंत्रच श्वास चालवितें. असा रोगी डोळे मिटून निपचित दिसला, तरी पुष्कळदां सावध असतो व उशाशीं बोललेलें त्यास ऐकूं येतें.