संगणकाची मूळ नोंदवही : ती कशी उघडावी व कशी दुरुस्त करावी

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचे महत्त्व शिक्षकांना सांगावयास नको. मुलाची जन्मतारीख त्यात चुकली, तर ती चूक त्याच्या मागे जन्मभर लागते. म्हणूनच त्या रजिस्टरात कोणी खोडरबर चालवीत नाही. जुनी नोंद वाचता येईल अशी ठेवून, योग्य आधार पाहून, मुख्याध्यापकांच्या सहीनेच दुरुस्ती होते. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकातही अशीच एक मूळ नोंदवही असते. तिला रजिस्ट्री म्हणतात. रजिस्टराच्या बाबतीत आपण जी शिस्त पाळतो, तीच येथेही पाळावयाची आहे.

काही दिवसांपूर्वी एका शाळेतील उत्साही शिक्षकांनी संगणकाचा वेग वाढावा म्हणून कोठेतरी पाहिलेल्या सूचनेप्रमाणे या नोंदवहीतील एक संपूर्ण शाखा पुसून टाकली. संगणक सुरू होईना. दुरुस्ती करणाऱ्याने सर्व पुसून प्रणाली नव्याने बसविली. संगणक सुधारला, परंतु त्यात ठेवलेल्या निकालपत्रकांची व पोषण आहाराच्या हिशेबाची दुसरी प्रत नव्हती. ते सर्व काम हाताने पुन्हा करावे लागले. असा प्रसंग इतरांवर येऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नोंदवहीचे स्वरूप. पूर्वी प्रत्येक कार्यक्रमाच्या मांडणीची माहिती निरनिराळ्या लहान फायलींत विखुरलेली असे. ती एकत्र करण्याची सुरुवात 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये लहान प्रमाणात झाली. 1995 च्या विंडोज 95 पासून ही नोंदवही प्रणालीचा कणाच बनली. झाडाप्रमाणे तिला शाखा व उपशाखा असतात. शाखेत नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीस एक मूल्य असते. मुख्य शाखा पाच दिसतात. त्यांपैकी दोन ओळखून ठेवाव्यात. ‘करंट यूजर’ या शाखेतील बदल त्या वेळी काम करणाऱ्या व्यक्तीपुरता असतो, तर ‘लोकल मशीन’ या शाखेतील बदल संपूर्ण संगणकास लागू होतो. एका वर्गाचे वेळापत्रक बदलणे व साऱ्या शाळेचे बदलणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

उघडण्यापूर्वी. हवा असलेला बदल ‘सेटिंग्ज’ किंवा ‘कंट्रोल पॅनेल’मधून होत असेल, तर नोंदवहीस हात लावूच नये. लावणे अपरिहार्य असेल, तर प्रथम शाळेच्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी. नंतर ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये जाऊन पूर्वस्थितीचा बिंदू, म्हणजे ‘रिस्टोअर पॉइंट’, तयार करावा. वीज जाण्याचा संभव असेल त्या वेळी हे काम हाती घेऊ नये.

कृती. (1) विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून आर ही कळ दाबावी. येणाऱ्या चौकटीत इंग्रजी आर, ई, जी, ई, डी, आय, टी ही सात अक्षरे लिहून एंटर दाबावे व विचारलेली परवानगी द्यावी. (2) डावीकडील शाखा उलगडत इष्ट शाखेपर्यंत जावे. (3) त्या शाखेवर माउसची उजवी कळ दाबून ‘एक्सपोर्ट’ निवडावे व तिची प्रत तारखेसह नाव देऊन जतन करावी. (4) जुने मूल्य वहीत उतरवून घ्यावे. (5) एका वेळी एकच नोंद बदलावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा व परिणाम पाहावा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या खिडकीत बदल जतन करण्याचे वेगळे बटण नाही आणि केलेला बदल मागे घेण्याचीही सोय नाही. मूल्य लिहून ‘ओके’ दाबले, की ते तत्क्षणी लागू झाले असे समजावे.

उदाहरण. कोणताही पेनड्राइव्ह लावला तरी संगणक तो दाखवीत नाही, अशी तक्रार येते. ‘लोकल मशीन’मधील ‘सिस्टिम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘सर्व्हिसेस’, ‘यूएसबीस्टोर’ या क्रमाने गेल्यास ‘स्टार्ट’ नावाची नोंद आढळते. तिचे मूल्य 3 असल्यास सोय चालू असते, 4 असल्यास बंद. परंतु 4 दिसताच 3 करू नये. विषाणूच्या भयाने कोणी ती सोय हेतुपुरस्सर बंद केली आहे काय, हे मुख्याध्यापकांस आधी विचारावे.

चूक झाल्यास. जतन केलेल्या प्रतीवर दोनदा क्लिक केल्यास जुनी मूल्ये परत येतात. मात्र आपण नव्याने घातलेल्या नोंदी त्याने पुसल्या जात नाहीत. त्या वेगळ्या काढाव्या लागतात. संगणक सुरूच होत नसेल, तर दुरुस्तीच्या पडद्यावरून पूर्वस्थितीच्या बिंदूकडे परतावे. सर्व पुसण्याचा मार्ग अगदी शेवटचा होय, आणि तोही फायली काढून घेतल्यानंतरच.

मोबाइलवर आलेली नोंदवहीची तयार फाईल उघडू नये. नोंदवही ‘स्वच्छ’ करून देण्याचे आश्वासन देणारे कार्यक्रमही बसवू नयेत.

शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते, की प्रत्येक शाळेने संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, शाखा, जुने मूल्य, नवे मूल्य, कारण व सही असे रकाने आखावेत. उद्या आपली बदली झाली, तरी मागून येणाऱ्या शिक्षकास त्या वहीवरून संगणकाचा सारा इतिहास कळेल.