दूध नको म्हणणाऱ्या बाळाच्या वाटीत काय?

दीड-दोन वर्षांचं मूल गायीच्या दुधाचा पेला बघताच तोंड फिरवतं आणि अख्खं घर काळजीत पडतं. पण या वयात दूध हा एकच मार्ग नाही. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते दह्यातून, पनीरमधूनही मिळतं. दूध नाकारणारी कितीतरी मुलं दहीभात मात्र मिटक्या मारत खातात.

दुसरा मोठा आधार नाचणीचा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच गायीच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट! अर्थात मूल एका वेळी दोन-तीन चमचे पिठाचीच खीर खातं, शिवाय नाचणीतल्या फायटेटमुळे सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणूनच नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळण्याची जुनी रीत मोलाची. मोड आल्यावर फायटेट घटतं. जोडीला पोळीत तिळाचं कूट घालता येतं.

दुकानातल्या पेयांमध्ये प्रथिनांच्या बाबतीत सोया दूध गायीच्या दुधाच्या सर्वांत जवळचं. मात्र ते बिनसाखरेचं आणि कॅल्शियम घातलेलं हवं. बदामाच्या दुधात प्रथिनं अगदी थोडी. तांदळाचं दूध तर आर्सेनिकमुळे पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते.

दूध प्यायल्यावर पुरळ, उलट्या किंवा शौचातून रक्त दिसलं, तर ती नावड नसून ॲलर्जी असू शकते. मग दही-पनीरही थांबवून लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. दुग्धजन्य सगळंच बंद असलेल्या शाकाहारी घरात बी 12 कसं द्यायचं, हेही त्यांनाच विचारावं.