पाताळगंगेच्या खोऱ्यातली १७८१ ची झुंज

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा सोडलं की जिते लागतं. आपट्याजवळून वाहणारी पाताळगंगा वरून, खोपोलीकडून येते. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनची फौज इंग्रजांशी झुंजत होती, त्याच वर्षांत पेशव्यांचे सरदार या खोऱ्यात त्याच इंग्रजांशी लढत होते. ही दोन युद्धं शेजारीशेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

दोन्हीकडे फ्रान्सचं नाव येतं. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील चौलला उतरून पुण्यास पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांच्याकडे गेला, आणि मुंबईकर इंग्रजांनी धास्ती घेतली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला साराटोगा इथे जनरल बर्गॉइन अमेरिकनांना शरण गेला. पुढच्या फेब्रुवारीत फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. इकडे पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावांना पुढे करून बोरघाट चढलेली मुंबईची फौज जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांनी वडगावला कोंडली आणि तिला करार करायला लावला. साराटोगाचा करार अमेरिकन काँग्रेसने पाळला नाही, वडगावचा इंग्रजांनी धुडकावला.

वडगावचं नाव सर्वांना ठाऊक असतं. पण लष्करी कसब पाहायचं तर मी १७८१ ची मोहीम आधी सांगेन. बंगालची फौज घेऊन अर्धा हिंदुस्थान तुडवत आलेल्या जनरल गॉडर्डने १७८० च्या डिसेंबरात वसई घेतली आणि फेब्रुवारीत बोरघाट. घाट हाती आला म्हणजे पुणे तहाला येईल, असा त्याचा होरा होता. नानांनी दाद दिली नाही. माथ्यावर हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर ठाण मांडून बसले, आणि परशुरामभाऊ पटवर्धन खाली कोकणात उतरले.

गॉडर्डची नाडी पनवेल बंदरात होती. धान्य, दारूगोळा, सगळं तिथून बैलांच्या पाठीवर चौक, खालापूरमार्गे खोपोलीला जायचं. बैलांचा तांडा म्हणजे लांबलचक, संथ रांग. पुढचं टोक सांभाळावं तर मागचं उघडं पडतं. भाऊंनी नेमकं तेच हेरलं. समोरासमोर मोठी लढाई न देता त्यांनी रसदेवर घाले घातले. प्रत्येक तांड्याबरोबर पलटणी धाडाव्या लागल्या आणि त्यांतही माणसं पडत राहिली. अखेर एप्रिलमध्ये गॉडर्डने घाट सोडला. पनवेल गाठेपर्यंत मराठे त्याच्या पाठीवर होते. चारशेहून अधिक माणसं मेली वा जखमी झाली, सामानही लुटलं गेलं.

त्याच सुमारास कॅरोलिनात नॅथॅनिएल ग्रीन हा अमेरिकन सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसला असाच दमवत होता. पाठलागासाठी हलकं व्हावं म्हणून कॉर्नवॉलिसने स्वतःच्याच सामानाच्या गाड्या जाळल्या. १५ मार्च १७८१ ला गिलफर्ड कोर्टहाउसची लढाई त्याने जिंकली, पण चौथ्या हिश्श्याहून जास्त फौज गमावली आणि गॉडर्डसारखाच समुद्राकडे वळला. १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउन इथे त्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. ग्रीन आणि भाऊ, दोघांनाही ठाऊक होतं की गोऱ्या पलटणीची शिस्त मैदानात मोडणं कठीण. तिची शिदोरी तोडणं सोपं.

इंग्रजांनी मराठ्यांशी १७८२ मध्ये सालबाईला तह केला, अमेरिकेशी १७८३ मध्ये पॅरिसला. तिकडे हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इथे आला. पुढे टिपूविरुद्धच्या युद्धात त्याच्या बाजूने मराठी फौज उभी होती. तिचे सरदार होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन.