निकाल न वाचताच ‘कायद्यात बसत नाही’

लग्नसराई सुरू झाली की अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येते. हळदीच्या मांडवात तृतीयपंथी येतात, नवरीला आशीर्वाद देतात, बिदागी घेतात. त्या गेल्या की कुणीतरी विषय काढतो, अमक्या गावचा मुलगा ‘तसली’बरोबर संसार करतोय म्हणे. मग चार बुके शिकलेला एखादा निवाडाच करून टाकतो : “करू दे काय करायचं ते. लग्न थोडंच लागतंय? सुप्रीम कोर्टानंच नाही म्हटलंय.”

सुप्रीम कोर्टाने असे म्हटलेले नाही. नेमके उलट म्हटले आहे, आणि तेही पाचही न्यायमूर्तींनी.

ज्या निकालाचा हवाला दिला जातो तो 17 ऑक्टोबर 2023 चा, सुप्रियो विरुद्ध भारत सरकार. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नकार दिला, तो प्रश्न संसदेकडे सोपवला. बातमी तेवढीच पसरली. त्याच निकालपत्रात हेही लिहिले आहे की पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल, म्हणजे पारलिंगी स्त्री आणि पुरुष, किंवा पारलिंगी पुरुष आणि स्त्री, तर आज लागू असलेल्या कायद्यांखालीच त्यांना लग्न करता येते. त्यात वैयक्तिक कायदेही आले. दत्तकासारख्या मुद्द्यांवर पीठ तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले होते. या मुद्द्यावर एकाचेही दुमत नव्हते. ज्या कागदाच्या आधारे एखाद्या जोडप्याला उडवून लावायचे, त्याच कागदावर त्यांचा हक्क लिहिलेला असावा आणि तो कुणी वाचूही नये, याची मला खरोखर चीड येते.

बरे, हे 2023 मध्ये एकदम घडले असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालाने आपली लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणे बेकायदा ठरवले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांपैकी होत्या. पुढे ऑक्टोबर 2018 मध्ये तमिळनाडूत तुतिकोरीनच्या देवळात एका तरुणाने पारलिंगी स्त्रीशी लग्न केले. निबंधकाने नोंदणी नाकारली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेले. 22 एप्रिल 2019 रोजी न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी सांगितले की हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’मध्ये स्वतःला स्त्री मानणारी पारलिंगी व्यक्तीही येते. नोंदणी करण्याचा आदेश निघाला. आपल्याकडे 2022 मध्ये बीडला आणि मनमाडला अशी लग्ने उघडपणे लागली. मराठी वाहिन्यांनी ती दाखवलीही.

आता आपल्या किनाऱ्यापुरते बोलू. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार वधू किंवा वर, कुणा एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी पुरते. आगरी-कोळी घरांत धवलारीण धवले गाऊन लग्न लावते, ती परंपरा या कलमात बसते. वधू पारलिंगी आहे म्हणून हे कलम बदलत नाही. मात्र विधी चुकवू नका. ‘सह्या केल्या की झालं लग्न’ हा दुसरा गैरसमज आहे. विधी न करता नुसते नोंदणीचे प्रमाणपत्र घेतल्याने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. विधी नकोच असतील, किंवा दोघांचे धर्म वेगळे असतील, तर विशेष विवाह कायदा आहे. त्यात 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. धार्मिक पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंद गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) करतो. नोंदणीच्या अर्जात वर, वधू आणि तीन साक्षीदारांची माहिती भरायची असते. बहुतेक वेळा गाडी अडते ती ‘वधू’च्या रकान्यावर. वधूच्या नावाचा आणि ओळखीचा पुरावा एकसारखा असला की वाद कमी होतो. पारलिंगी व्यक्तीच्या ओळख प्रमाणपत्राचे काम त्यांच्याविषयीच्या 2019 च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिले. त्याचे नियम अर्ज करण्याआधी ताजे तपासून घ्यावेत.

‘मूल होणार नाही, मग बायको कसली?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्याच घरातल्या निपुत्रिक काका-काकूंना तो विचारून पाहावा. मूल न होणे हे कायद्यात घटस्फोटाचेही कारण नाही. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये हाच युक्तिवाद फेटाळला : मूल जन्माला घालता येत नाही म्हणून पारलिंगी स्त्रीचे स्त्रीत्व नाकारता येत नाही, आणि भारतीय दंड संहितेतले सासरच्या छळाविरुद्धचे तेव्हाचे कलम 498-अ तिलाही लागू होते.

असेच आणखी काही समज. ‘तिच्याशी लग्न करणारा समलिंगी असतो.’ तो एका स्त्रीवर प्रेम करतो, एवढेच.

‘हे पुरुष पैशासाठीच राहतात.’ काही राहतात. मंगतीच्या, म्हणजे मागून मिळवलेल्या पैशावर जगणारे, वर मारहाण करणारे ‘गिरिया’ (जोडीदार पुरुष) आहेत, हे त्या समाजातल्या बायकाच सांगतात. म्हणून तर कायद्याचे संरक्षण हवे. शस्त्रक्रियेनंतर लग्न केलेल्या एका पारलिंगी स्त्रीला नवऱ्याकडून मंजूर झालेली पोटगी मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये कायम ठेवली आणि तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते, असे सांगितले. नवरा पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

‘गुरूने परवानगी दिल्याशिवाय लग्न होत नाही.’ तो तृतीयपंथी घराण्याचा रिवाज झाला. कायद्याला दोघांची संमती आणि वय लागते : वर 21, वधू 18.

‘न सांगता फसवून लग्न करतात.’ लग्नाआधी महत्त्वाची गोष्ट लपवू नये, हे सगळ्यांनाच लागू आहे, आधीचे लग्न लपवणाऱ्यालाही. बीड-मनमाडच्या लग्नांत मुलाकडच्यांपासून काहीही लपलेले नव्हते.

शेवटी ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी. नोंदणी नाकारली तर भांडत बसू नका. नकाराचे कारण लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, सोबत 2019 आणि 2023 च्या निकालांच्या प्रती ठेवा. तरीही काम झाले नाही, तर अलिबागला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे मोफत कायदेशीर मदतीसाठी अर्ज करता येतो.