ड्रोनचे बारीक कनेक्टर ओळखण्याची रीत

छंदाकरितां उडविण्याच्या ड्रोनमधील तारांचे बारीक कनेक्टर दिसण्यांत सारखे, पण मापानें भिन्न असतात. दुकानांत नुसतें ‘जेएसटी’ म्हणून भागत नाहीं; तें जपानी कंपनीचें नांव असून तिच्या मालिका अनेक आहेत. पहिल्या व शेवटच्या पिनेच्या मध्यांतील अंतर मोजावें. पिना पांच व अंतर १० मिलिमीटर असल्यास मधले गाळे चार, भागाकार २.५. ती बहुधा एक्सएच मालिका. २ आल्यास पीएच, १.२५ आल्यास जीएच, १ आल्यास एसएच समजावी.

कनेक्टर बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली, असें मात्र मानूं नये. तारांचा क्रम उत्पादकागणिक बदलतो. यास्तव बॅटरी जोडण्यापूर्वीं धन-ऋण टोकें मल्टिमीटरनें तपासावीं. उलट जोडणीनें सर्किट क्षणांत जळूं शकतें. सोडवितांना तार न ओढतां कनेक्टरचें प्लास्टिक धरावें.